अण्णांची टर्बो आणि लांज्याची एस्टी

आमच्या रत्नागिरीत दोन गोष्टी कुणी न सांगता जमतात. लोखंडावर गंज आणि रिकाम्या माणसांकडे किस्से. गंज आम्ही घासून काढायचो, किस्से मात्र तसेच राहिले. आता अण्णांची ती शेड नाही, शेडमधली माणसंही एकेक करून गेली, तरी कुणी जुन्या गाडीचा विषय काढायची खोटी, माझी टकळी सुरू! घरातले उठून जातात. जाऊ देत. तुम्ही बसा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अण्णा मयेकर बोटीवर चीफ इंजिनिअर होते. रिटायर होऊन भाट्याला घरी आले ते ट्रकवर एक गाडी लादूनच. जर्मन स्पोर्ट्स कार! दोन दरवाजे, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी, आणि वर टर्बो. कुठल्याशा बंदरात त्यांनी ती सेकंडहँड घेतली होती. मग कित्येक वर्षं ती मुंबईत एका गोडाऊनमध्ये पडून राहिली. ट्रकवरून उतरवली तेव्हा खालचा पत्रा हाताने मोडत होता, पापडासारखा.

आता टर्बोचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हा आम्हाला अण्णांनी समजावून सांगितलं होतं, की इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात आणखी हवा कोंबतो, आणि गाडी उधळते. ऐकून बबन म्हणाला, "म्हणजे स्वतःच्याच धुराने पेटते. आमच्या बिडी ओढणाऱ्या काकासारखी!"

बबन सुर्वे म्हणजे गॅरेजवाला. ट्रक आणि रिक्षा दुरुस्त करायचा. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचो, म्हणून मी 'मास्तर'. संध्याकाळ झाली की आम्ही दोघं अण्णांच्या माडाच्या वाडीतल्या चिऱ्याच्या शेडमध्ये हजर. मी पत्रा जोडायचा, बबनने इंजिन उतरवायचं आणि अण्णांनी दोघांना शिव्या घालायच्या, अशी कामाची वाटणी होती.

अण्णांची इच्छा एकच. पहिल्याच दिवशी त्यांनी ती सांगून टाकली. "मला रेस नाय लावायची. हिला शेजारी बसवून एकदा लांज्याला जायचं. हिच्या माहेरी. बस्स!"

आतून वहिनींचा आवाज आला, "मी नाही हां बसणार! तुम्ही जन्मभर समुद्रावर. मी एकटी जात होते एस्टीने. बाळंतपणाला गेले तीही एस्टीने. आता उरलेलंही एस्टीनेच होईल."

अण्णा पाना घेऊन गाडीखाली शिरले. आम्ही सगळ्यांची थट्टा करायचो, पण ह्या विषयावर दोघंही कधी हसलो नाही.

*

गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा ती चालवायचा मान बबनचा. अण्णा शेजारी, मी मागे. मागची सीट म्हणजे नुसतं नाव. तिथे नारळाचं पोतं मावलं असतं, माणूस नाही. मी गुडघे कानाला लावून बसलो होतो.

बबनने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी आपली निवांत. "अण्णा, जर्मन म्हणता आणि ही तर आमच्याहून आळशी!" म्हणत त्याने पाय पार खाली नेला. तरी काही नाही. मग शिट्टी वाजल्यासारखा बारीक आवाज आला, आणि पुढचं मला नीट सांगता येत नाही. रस्ता संपला, कुंपण संपलं, आणि आम्ही कुणाच्या तरी कुळथाच्या शेतात उभे होतो.

बबनने आधी इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "अण्णा, हिचं आधी काय होत नाय, आणि मग विचारून होत नाय!"

*

भाट्याची हवा खारी. आज घासलेल्या पत्र्यावर उद्या पुन्हा लाली दिसायची. परदेशी रंग, परदेशी प्रायमर, कशाचा काही उपयोग होईना. अण्णा हैराण झाले होते.

तेव्हा बबनने उपाय काढला. "होड्यांना काय लावतात? माशाचं तेल! होडी समुद्रात राहून कुजत नाय, ही तर जमिनीवर आहे." अण्णाही दर्यावर्दी माणूस, त्यांना ते एकदम पटलं. मिरकरवाड्याच्या बंदरातून डबा भरून तेल आणलं आणि गाडीच्या पोटाला आम्ही तिघांनी हाताने चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्यातली सगळी मांजरं शेडमध्ये! एक तर चाकावर चढून बसली होती.

मांजरांचं एक वेळ चाललं असतं. पण टर्बोची गाडी, तापते किती! तेल चोळल्यावर अण्णा पहिल्या फेरीला निघाले, धुराचा पाइप लाल झाला आणि वरचं तेल चरचरायला लागलं. अख्ख्या आळीत मुशी मासा तळल्याचा घमघमाट सुटला. आणि दिवस कुठला? ऐन श्रावणी सोमवार! लोक उपास धरून बसलेले. माणसं दारात येऊन एकमेकांच्या स्वयंपाकघराकडे संशयाने बघायला लागली. दोन शेजारणींचं तर त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी जोशी गुरुजी अण्णांना आडवे आले आणि हात जोडून म्हणाले, "मयेकर, गाडी चालवा, पण श्रावण संपू दे!"

मात्र गंज थांबला. ते कुणीच नाकारलं नाही.

*

पार्ट मिळवणं हे वेगळंच प्रकरण होतं. दुकानात मिळायचा प्रश्नच नव्हता. पण रत्नागिरीची निम्मी पोरं बोटीवर, आणि निम्म्या पोरांना नोकरी अण्णांच्या शब्दामुळे मिळालेली. त्यामुळे कुणी गॅस्केट आणायचा, कुणी पिस्टनच्या रिंगा. मिऱ्याचा सदा पाटील तर चक्क अख्खी टर्बो, म्हणजे पंख्याचा तो सगळा संच, घेऊन आला. जर्मनीतल्या भंगारातून शोधून काढलेली.

सदा रात्रीच्या गाडीने आला आणि दमून झोपला. सकाळी त्याच्या आईने बॅग उघडली. साबण, सेंट, छत्री हे नेहमीचं निघालं, आणि टॉवेलात गुंडाळलेली ती टर्बो. गोगलगायीच्या शंखासारखी गोल, जड, चकचकीत. म्हातारीला वाटलं, पोराने परदेशातून एवढी जपून आणली म्हणजे देवाचंच काहीतरी असणार. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि शेजारच्या चार बायकांना दर्शनालाही बोलावलं.

आम्ही न्यायला गेलो तर पुढे उदबत्ती लागलेली! अण्णांनी चपला काढल्या, आत जाऊन नमस्कार केला आणि म्हातारीला म्हणाले, "आई, आता हिची पाठवणी करा."

त्या माउलीने टर्बोची ओटी भरून पाठवली. पात्यांमधून तांदळाचे दाणे काढताना बबन आठवडाभर करवादत होता.

*

टर्बोचा एक नियम असतो. गाडी दामटून आणली की लगेच बंद करायची नाही. थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, म्हणजे आतला पंखा निवतो. अण्णा हा नियम सोवळ्यासारखा पाळायचे. लग्नाला गेले तरी मांडवाबाहेर गाडीत बसून राहायचे, आत अक्षता पडल्या तरी चालतील.

एकदा हवालदाराने गाडी अडवली. "इंजिन बंद करा." अण्णा म्हणाले, "नाही होणार. जरा थांबा, निवू दे." हवालदार भडकला. अण्णांनी त्याला बॉनेट उघडून पंखा, तेल, धूर सगळं समजावलं. चारजण जमले होते. त्यातला एक म्हणाला, "अहो, बंद करा की गाडी!" तर हवालदारच त्याच्यावर ओरडला, "गप रे! आत पंखा तापलाय, कळतं का काही?"

घरी आले तरी हेच. अंगणात गाडी धडधडतेय आणि अण्णा गाडीतच बसून. एकदा वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "सुट्टीवर यायचात तेव्हा पायातले बूट सुटायच्या आत परत जायची तार यायची. माझ्याजवळ कधी असे बसला नाहीत ते!"

आम्ही दोघं चहा घेत होतो, तो तसाच राहिला. अण्णांनी गाडी बंद केली. निवायच्या आधीच.

*

शेवटी गाडी पूर्ण झाली. गर्द निळा रंग, आतल्या सीटा सदाच्या भावाने शिवलेल्या. तेवढ्यात लांज्याहून वहिनींच्या भावाचं बोलावणं आलं, नव्या घराची वास्तुशांत होती. अण्णांना वाटलं, हाच मुहूर्त!

सकाळी आम्ही हजर झालो तर अण्णा पांढऱ्या कडक शर्टात गाडीजवळ उभे. शेजारच्या सीटचा दरवाजा उघडून ठेवलेला. वहिनी बाहेर आल्या, हातात पिशवी. त्या दरवाज्यावरून सरळ पुढे गेल्या, रस्त्यावर रिक्षा थांबवली आणि म्हणाल्या, "एस्टी स्टँड."

एवढा मोठा चीफ इंजिनिअर, पण तोंड असं झालं होतं की मला बघवेना. त्यांनी आम्हाला गाडीत कोंबलं आणि स्टँड गाठला. वहिनी लांज्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. अण्णा खाली उभे राहिले. "अगो, ऐक माझं. उतर."

"तिकीट काढलंय."

ड्रायव्हर चढला. कंडक्टरने घंटी मारली. अण्णांनी मागे वळून गाडीची किल्ली बबनच्या हातात ठेवली. ती किल्ली ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत! "हळू आण मागून," म्हणाले आणि चालत्या एस्टीत चढले. आम्ही बघतच राहिलो. वहिनींनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मग निघाली वरात! पुढे लाल एस्टी, मागे आमची टर्बो. एस्टी थांबली की आम्ही थांबायचो. सुरुवातीला अण्णा सारखे मागे वळून बघत होते, हाताने खुणा करत होते, गिअर बदल, हळू घे. पालीचा थांबा गेल्यावर मागे बघणं बंद झालं. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक बोलत होतं आणि एक ऐकत होतं. बोलणारं वहिनींचं होतं.

"मास्तर," बबन म्हणाला, "एवढं काय सांगत असतील ओ?" मला काय ठाऊक!

वास्तुशांत झाली, जेवणं झाली. परतायच्या वेळी आम्ही सगळे लांज्याच्या स्टँडवर आलो. रत्नागिरीची एस्टी लागलेलीच होती. वहिनी तिच्याकडे न बघता गाडीपाशी गेल्या, स्वतःच्या हाताने दरवाजा उघडला, पदर सावरून आत बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, मास्तर, तुम्ही एस्टीने या हां!"

आम्ही एस्टीने आलो. उभ्याने! सगळ्या थांब्यांवर थांबत, माणसं चढवत-उतरवत. स्टँडवर उतरलो, चहा घेतला, भाट्याला पोचलो, तर अंगण रिकामं. टर्बोचा पत्ता नाही. बबन येरझाऱ्या घालायला लागला. "गॅस्केट गेला असणार. नायतर टायर. मी सांगत होतो, ते टायर जुने आहेत!"

दिवेलागणीला गाडी फाटकातून आत आली. बबन धावला. "काय झालं ओ अण्णा? कुठे बंद पडली?"

"बंद? छे! मस्त चालली."

"मग एवढा वेळ?"

अण्णांनी आकाशाकडे बघितलं. वहिनी खाली उतरल्या, केसांतली वाळू झटकली आणि बबनला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही अजून घरी नाही गेलात?"