ड्रुसिला टॅबरचा संशय

आमच्या न्यू बेडफर्डात ड्रुसिला टॅबरचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाला दुधात पाणी घालतो, पाद्री स्वर्गाच्या नावाखाली छपराची वर्गणी काढतो, आणि मी, तिची शेजारीण, तिच्या भोपळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थाची कृती लांबवायला टपलेय, अशी तिची खात्री. यातलं माझ्याबद्दलचं तेवढं खरं होतं.

१८९९च्या उन्हाळ्यात दर गुरुवारी दुपारी आम्ही बायका चर्चच्या बैठकीत बसून दूर समुद्रापलीकडच्या बेटांवर, मनिलाला लढायला गेलेल्या शिपायांसाठी पोटाला गुंडाळायचे लोकरी पट्टे शिवत होतो. उष्ण मुलखात पोटाला गारवा बाधतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. बायकांनी शिवायचं आणि पाद्री लॅथ्रॉप यांनी वाचून दाखवायचं, ही आमची जुनी रीत. पूर्वी ते बायबल वाचत, आता आरमारवाल्यांचे लेख. देशाला मोठं व्हायचं तर समुद्र ताब्यात हवा, त्यासाठी जहाजं, जहाजांना कोळसा, आणि कोळसा भरायला वाटेवरची बेटं. आपल्या देशातली पश्चिमेकडची मोकळी जमीन संपली, आता पाण्यापलीकडे बघा. शिवाय तिकडच्या मागास भावंडांना बोट धरून चालवणं हे तर देवाचंच काम.

"देवाचं की गिरणीवाल्या स्टॉडर्डसाहेबांचं?" ड्रुसिलाने दाताने दोरा तोडला. "त्यांना चीनमध्ये कापड खपवायचंय म्हणे."

"मिसेस टॅबर, तुम्ही फार शंका काढता."

"तुम्ही वाचा हो पाद्रीबाबा. माझे कान काही शिवणात गुंतलेले नाहीत."

तिच्या या खवचटपणाला कारण होतं. तिचा एकुलता एक अ‍ॅब्नर फौजेत जायचं म्हणत होता. एकविसावं सरलं नव्हतं, त्यामुळे आईच्या सहीशिवाय त्याला कुणी घेणार नव्हतं, आणि ती सही देत नव्हती. नवरा व्हेलशिकारी जहाजाचा कप्तान, शिकारीवर गेला तो समुद्रातच राहिला. आता पोरगाही त्याच वाटेने?

पोराचे कान कुणीतरी फुंकलेत, हे तिने धरून ठेवलं. घरातलं वर्तमानपत्र बंद केलं. चर्चमध्ये त्याला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. गोदीवरच्या मुकादमाला भर रस्त्यात झापलं. मग माझ्यावर घसरली, कारण अ‍ॅब्नर माझ्याकडे कॉफीला यायचा. मला भयंकर राग आला. मी सरळ सांगितलं, "माझ्यासमोर विचार त्याला. होऊन जाऊ दे."

तिने खरोखरच त्याला माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवलं.

"नाव सांग. कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

अ‍ॅब्नरने कप खाली ठेवला. "तूच की, आई."

"मी?"

"बाबांबरोबर जहाजावर चार वर्षं काढलीस ना, तिथल्याच गोष्टी रोज सांगायचीस. वाटेत लागलेल्या बेटांवरची माणसं गोड, पण लेकरांसारखी. फळं झाडावर कुजतात, एवढालं बंदर रिकामं पडतं, कुणाला शिस्त म्हणून नाही. 'आपल्या हातात असतं तर सोनं केलं असतं,' म्हणायचीस." तो खोचून बोलत नव्हता. त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं. "पाद्रीबाबांचे लेख ऐकले तेव्हा मला वाटलं, आईचं बोलणं या लोकांना कळलं कुठून?"

"अरे, ते मी तुला झोपवायला सांगायची."

"मला कुठे झोप यायची?"

ड्रुसिलाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं, हे खोटं आहे म्हणावं, असं तिला वाटत होतं. पण त्या गोष्टी कुंपणापाशी तिने मलाही सांगितल्या होत्या, आणि बाई अगदी खरं बोलतेय असंच मला प्रत्येक वेळी वाटलं होतं.

तिने हात पुढे केला. अ‍ॅब्नरने खिशातून भरतीच्या संमतीचा कागद काढला. तिने तो नेहमीसारखा उलटसुलट करून पाहिला नाही, वाचलाही नाही. सही केली. दोष देऊन सही नाकारायला आता तिच्याकडे दुसऱ्या कुणाचं नावच उरलं नव्हतं.