गुलाबी सोडून काहीही

हे मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा आमचं दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की नागपूरला परत जायचं नाही. तीस वर्षं जयपुरात काढल्यावर तिकडे आमच्या ओळखीचं उरलं तरी कोण होतं? दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घरात मुलीची खोली तिच्या लग्नापासून रिकामीच होती. तिथे यांचं ऑफिस करायचं ठरलं.

हे पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा काचेच्या पट्टीवर चढून यांच्याकडे येतो, आणि ती गाठ साधी की कॅन्सरची, हे यांनी मायक्रोस्कोपमधून बघून सांगायचं. सर्जन कापतात आणि पेढे खातात, पण कापायचं की नाही ते आमच्याकडे ठरतं, असं मी नातेवाइकांना ऐकवायचे. शहरातल्या दोन लॅब अवघड स्लाइड्स घरी पाठवायला तयार झाल्या होत्या. चहा झाला की दहा पावलांवर काम, या कल्पनेनेच हे इतके खुशीत होते की मला त्यांची थट्टा करायचाही कंटाळा आला.

भिंतींच्या रंगाबाबत यांची एकच अट होती. "गुलाबी सोडून काहीही." शहरात जिकडेतिकडे गुलाबी, ते एक झालंच. पण खरं कारण कामाचं. काचेवरचा तुकडा मुळात बिनरंगाचा असतो. तो दिसावा म्हणून लॅबमध्ये रंगवतात, तेव्हा पेशीच्या मधला ठिपका जांभळा होतो आणि आजूबाजूचं सगळं गुलाबी. "आयुष्यभर तेच बघतोय," हे म्हणाले. "मान वर केली की फिकी राखाडी भिंत दिसू दे. डोळ्यांना जरा सुट्टी."

आमचा पेंटर झोटवाड्याचा, पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा. या घराला त्याने आधी दोनदा रंग दिलेला. त्याचा शेड कार्डावर काडीचा विश्वास नाही. तो भिंतीवरच वहीच्या पानाएवढे चौकोन रंगवून ठेवतो आणि एक दिवस तसेच सोडतो. सकाळच्या उन्हात बघा, ट्यूबलाइटमध्ये बघा, मग सांगा. त्याने दोन राखाडी लावले, एक फिका हिरवा लावला, आणि आपल्या मनाने एक हलका गुलाबी. "साहब मना करेंगे, पर एक बार देख तो लें," तो मला म्हणाला. मी म्हटलं, लाव बाबा, तुझी हौस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले. मी आणि पेंटर दारात. यांनी चारही चौकोन नीट बघितले, दोन पावलं मागे आले, आणि गुलाबी चौकोनावर बोट ठेवलं.

"हा. हाच राखाडी हवा होता मला. बाकीच्यांपेक्षा जरा ऊबदार आहे."

पेंटर हसला. साहेब चेष्टा करताहेत असं त्याला वाटलं. "साहब, ये तो..." एवढं तो बोलला आणि मी मध्येच म्हटलं, "भैया, चाय ठंडी हो रही है, पहले चाय." त्याला जवळजवळ ओढतच मी स्वयंपाकघरात नेलं. तिथे तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी चहा गाळत राहिले. आज काम सुरू नको, अमावास्या आहे, असं सांगून मी त्याला घरी पाठवलं. अमावास्या मी जन्मात पाळलेली नाही.

तो गेल्यावर मला एकेक आठवायला लागलं. निवृत्तीआधीचे सहा महिने हे कॉलेजच्या लॅबमधल्या टेक्निशियनवर चिडत होते की तुम्ही स्लाइड नीट रंगवत नाही, सगळं फिकं येतं. मायक्रोस्कोपचा दिवा यांनी बदलून घेतला होता. माझ्या भावाने दिलेल्या लाल शालीला हे "ती तपकिरी शाल" म्हणाले होते, आणि पुरुषांना कुठे रंग कळतात म्हणून मी ते सोडून दिलं होतं. वय झालं, एवढंच मी धरून चालले होते.

मी भांडकुदळ बाई आहे. कॉलेजात भूगोल शिकवताना प्राचार्यांनासुद्धा मी तोंडावर सुनावलेलं आहे. पण तो चौकोन गुलाबी आहे, एवढं यांना सांगायला मी धजले नाही. बोलले तर यांचं काम गेलं, आणि कामाशिवाय हे कसे असतील हे मला ठाऊक नव्हतं. नंतर सांगू, नंतर सांगू करत मी दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत लॅबचा पहिला डबा आला. खोली तयार नव्हती म्हणून यांनी जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला, गुणगुणत चार स्लाइड्स बघितल्या, चार रिपोर्ट लिहिले आणि सही करून पाठवून दिले. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं. "अहो, तुम्ही निवडलेला तो चौकोन गुलाबी आहे."

यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"परवा सकाळपासून. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हापासून."

"आणि काल मी चार माणसांचे रिपोर्ट पाठवले."

यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. हे उठले आणि म्हणाले, एखादी लाल वस्तू दे. मी हाताला लागलं ते लोणच्याच्या बरणीचं झाकण दिलं. डोळ्यांचे डॉक्टर करतात तसा यांनी एक डोळा तळहाताने झाकला, मग दुसरा. "उजव्याने विटकरी दिसतंय," हे म्हणाले. "डाव्याने मातीसारखं." झाकण टेबलावर ठेवून यांनी लगेच लॅबला फोन लावला. माझ्या डोळ्यांत दोष आहे, कालचे चारही रिपोर्ट थांबवा, त्या स्लाइड्स दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मग कॉलेजच्या लॅबमधल्या त्या टेक्निशियनला फोन करून त्याची माफी मागितली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या आहेत. अक्षरं दिसतील, चेहरे दिसतील, पण गेलेला रंग परत येणार नाही.  मला त्या चार माणसांची काळजी वाटत होती. कुणाच्या पोटातला, कुणाच्या छातीतला तो तुकडा असेल, आणि रिपोर्ट थांबायच्या आत माझ्या गप्प बसण्याने त्यांचं काय झालं असेल, याने मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

मग लॅबचा फोन आला. चारही रिपोर्ट बरोबर होते. एका शब्दाचाही फरक नव्हता.

मला रडू आलं. मी म्हटलं, "बघा. रंग नसला म्हणून काय झालं, तुम्ही आकारावरून ओळखता. इतक्या वर्षांची नजर आहे. काम कशाला सोडायचं?"

"चारही सोप्या होत्या," हे म्हणाले. "अवघड आली की मला रंग लागतो. आणि कुठली अवघड, हे मला आता कळेलच असं नाही." मग हे टेबलावर डोकं ठेवून रडले. लग्नाच्या छत्तीस वर्षांत मी यांना असं एकदाच पाहिलं होतं, यांची आई गेली तेव्हा. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मला राग येत होता, पण कुणावर काढणार?

मायक्रोस्कोप यांनी आपल्या एका विद्यार्थिनीला देऊन टाकला. खोली चार चौकोनांसह महिनाभर तशीच राहिली. शेवटी मीच पेंटरला बोलावलं आणि पांढरा मारून टाक म्हटलं. या वेळी त्याने चौकोन न लावता शेड कार्डच उघडून माझ्यासमोर धरलं. पांढऱ्यात आठ-नऊ प्रकार होते, कुठे पिवळसर झाक, कुठे गुलाबीसर. "कौन-सा वाला, मैडमजी?"

हे दारात उभे होते. पेंटरने सवयीने कार्ड यांच्याकडे वळवलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली.

"मैडम से पूछो भाई," हे म्हणाले. "मुझे तो ये सब एक ही दिखते हैं."

डोळ्यांचे डॉक्टर सोडले तर घराबाहेरच्या एखाद्या माणसाला यांनी हे पहिल्यांदाच समोरासमोर सांगितलं. आवाज रिपोर्ट सांगतानाचा होता, सरळ, न अडखळता. मी कार्डावर बोट ठेवलं. कुठल्या पांढऱ्यावर ते मी बघितलं नाही.