पंच क्रमांक दोन

सत्य कितीही खोल गाडलं तरी एक दिवस ते न्यायालयात ताठ उभं राहतं. हे मी लहानपणापासून मानत आलो आहे आणि पुरावा म्हणून माझ्याकडे चाळीसेक जुने कृष्णधवल चित्रपट आहेत. दुसरा पुरावा नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली की मी आणि बायको कोर्टाचा सिनेमा लावतो. भाषा कुठलीही चालते. खून झालेला हवा, आरोपी निर्दोष पण बावळट हवा आणि वकिलाने शेवटच्या दहा मिनिटांत खिशातून काहीतरी काढायला हवं. बायको पहिल्या पंधरा मिनिटांतच खुनी ओळखते. तिची पद्धत सोपी आहे. काही काम नसताना ज्याला चांगला कोट शिवून दिलाय, तो खुनी. मी तिला गप्प करतो आणि शेवटी ती फक्त "बघा" म्हणते. तरीही तेच सिनेमे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. खुनी ठाऊक असला तरी भीती वाटते, आणि ती भीती स्वस्त असते. फास दुसऱ्याच्या गळ्याशी, चिवडा आपल्या हातात.

मागच्या वर्षी एका मंगळवारी माझ्या नावाचं समन्स आलं आणि चिवडा कायमचा बेचव झाला.

मी एका सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत ग्रंथालय सांभाळतो. पोलिसांना पंचनाम्यासाठी पंच लागतात. म्हणजे जप्ती होताना हजर राहून सगळं डोळ्यांनी पाहणारी आणि पाहिलं म्हणून सही करणारी दोन त्रयस्थ माणसं. पंच सरकारी नोकर असले की बरं, म्हणून चौकीतून कार्यालयांना पत्रं येतात. समन्सच्या तीन वर्षं आधी असंच एक पत्र आमच्याकडे आलं. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही जा. ग्रंथालय बंद राहिलं तरी कुणाला कळत नाही." हे खरं होतं, म्हणून मी गेलो.

सातपूरच्या कारखान्यांच्या मागे, जिथे वसाहत संपून भाजीचे मळे सुरू होतात, तिथे कामगारांच्या खोल्यांची एक रांग आहे. एका वर्कशॉपातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं गेलं होतं. तिथल्याच रात्रपाळीच्या एका कामगाराला पकडलं होतं, आणि खोलीमागे लपवलेलं भेंडोळं तो स्वतः काढून देणार होता. आमच्यासमोर. जीप चहाच्या टपरीपाशी थांबली. पुढची गल्ली चिखलाची होती आणि माझ्या पायात नवे बूट होते. तेही निमित्त मला पुरलं असतं. पण खरं कारण वेगळंच होतं. जीपमध्ये वेळ जावा म्हणून मी फोनवर एक जुना कोर्टाचा सिनेमा लावला होता. त्याची अकरा मिनिटं उरली होती आणि बचावाचा वकील खिशात हात घालत होता.

"या साहेब, दोनच मिनिटांवर आहे," हवालदार म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. आलोच."

पोलीस आणि आरोपी गल्लीत शिरले. दुसऱ्या कार्यालयातून आलेले एक गृहस्थ, पंच क्रमांक एक, टपरीवर माझ्या शेजारच्या बाकावरून उठून निघाले. एक पंच गेला म्हणजे पुरे, असं माझ्या मनाने परस्पर ठरवलं. मी कानातली वायर नीट केली आणि चहा सांगितला.

ते परत आले तेव्हा सिनेमाची चार मिनिटं बाकी होती. जीपच्या बॉनेटवर कागद पसरले होते. पंच क्रमांक एक घाम पुसत उभे होते आणि त्यांच्या पिशवीतून ताज्या मेथीची जुडी डोकावत होती. "आम्हां पंचांसमक्ष" अशी सुरुवात असलेल्या चार पानांवर मी चार सह्या केल्या. ज्याने आयुष्यभर लोकांना वाचायला सांगितलं, त्याने त्यातली एक ओळही वाचली नाही.

समन्स आल्यावर मी सरकारी वकिलांना भेटलो. त्यांनी पंचनाम्याची प्रत पुढे सरकवली. "वाचून ठेवा. यातलं इकडचं तिकडे करू नका. तुमच्यावरच आहे सगळं." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. 'तुमच्यावरच का?' हे विचारायचं मला सुचलं नाही. पंचनाम्यात मी आरोपीच्या मागून सहा पावलांवर चालत होतो. मी पाण्याची टाकी पाहिली होती. तिच्यामागची गोणपाटं पाहिली होती. आरोपी 'इथेच ठेवलंय' म्हणाला, ते मी ऐकलं होतं. आयुष्यात इतक्या बारकाईने मी काहीच पाहिलेलं नव्हतं.

हिशेब सरळ होता. लिहिलंय तसं सांगितलं तर एक माणूस तुरुंगात जाईल, कदाचित न केलेल्या चोरीसाठी. खरं सांगितलं तर न पाहिलेल्या गोष्टीवर सरकारी नोकराने सही केली, हे मी स्वतःच्या तोंडाने नोंदवीन. मग खात्याची चौकशी, आणि निवृत्तीला दीड वर्ष.

त्यानंतरच्या रविवारी सिनेमा लावला, पण मला खुनी दिसेना. मला छोटे साक्षीदार दिसू लागले. पहारेकरी, धोबी, समोरच्या घरातली बाई. दोन मिनिटांसाठी येतात, रुमालाने मान पुसतात, वकील त्यांचं हसं करून परत पाठवतो आणि कथा पुढे जाते. इतकी वर्षं मीही हसत आलो होतो. आता धोबी पिंजऱ्यात चढला की माझाच हात मान पुसायला जायचा. ऑफिसात पुस्तकांवर शिक्के मारताना वाटायचं, कपाटामागून कुणीतरी विचारणार आहे: तुम्ही टाकी कुठल्या बाजूने पाहिलीत? टाकीचा रंग कोणता होता? पंचनाम्यात रंग नव्हता. मी दोन आठवडे त्या रंगाला घाबरून काढले.

शेवटी सत्य बाहेर आलं ते स्वयंपाकघरात. मी ओट्याशी उभा राहून पंचनामा पाठ करत होतो आणि बायको पोळ्या लाटत होती.

"अहो, एक सांगा. त्या दिवशी तुमचे बूट खराब कसे नव्हते झाले?"

"कोणते बूट?"

"नवे. गल्लीत घोटाभर चिखल होता, असं इथे लिहिलंय ना? तुम्हीच आत्ता म्हणालात. आणि घरी आलात तेव्हा बूट चकाचक. मी म्हटलंसुद्धा, यांना कधी नव्हे ते जपून चालता आलं."

सिनेमात अशा वेळी व्हायोलिन वाजतं. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"तुम्ही गेलाच नव्हता."

"टपरीवर होतो."

"काय करत?"

मी सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं. तव्यावरची पोळी जळली, आणि तिच्या हातून पोळी जळत नाही.

"मग आता?"

"सही माझी आहे. लिहिलंय तेच सांगावं लागेल."

"सांगा की. मागे तो धोबी कोर्टात खोटं बोलला तेव्हा तीन दिवस जेवताना त्याला शिव्या देत होता तुम्ही. आता कुणाला द्याल?"

"तो सिनेमा होता गं."

"तेच म्हणते. तिथे कुणी आत जात नाही."

तारखेच्या दिवशी मी साडेदहालाच पोहोचलो. कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक भरलेला होता. टोकाशी बसलेला एक सडपातळ माणूस सरकला. मांडीवर डबा होता आणि अंगावर कंपनीचा निळा शर्ट.

"बसा साहेब. पुकारा व्हायला लय वेळ लागतो."

मी बसलो. तोच आरोपी होता. उठून जावं की बसून राहावं, हे मला कळेना.

"तुम्ही मला ओळखता?" मी विचारलं.

"हो तर. टपरीवर होते ना तुम्ही त्या दिवशी. कानात वायर होती."

एवढंच. धमकी नाही, विनवणी नाही. तो समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. पोलीस सोडले तर जगात एकाच माणसाने मला तिथे न जाताना पाहिलं होतं, आणि त्याच्या शब्दाला कोर्टात किंमत नव्हती. किंमत माझ्या शब्दाला होती. त्याने ती तार चोरली होती का? मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. सिनेमात हे शेवटी कळतं, निदान बायकोला तरी.

पुकारा झाला. पिंजरा म्हणजे कमरेएवढा लाकडी कठडा. मी तो इतका घट्ट धरला की तळहातावर वळ उठला. न्यायाधीश बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि लिहीत होत्या. मागे गर्दी नव्हती. दोन वकील स्वतःच्याच तारखेची वाट पाहत होते. मी शपथ घेतली. तिथे माझा आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"आरोपी पुढे चालला आणि तुम्ही मागोमाग गेलात, बरोबर?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही. मी गेलो नव्हतो."

मी डोळे मिटले. चाळीस चित्रपटांच्या अनुभवाने मला माहीत होतं की आता कुजबुज उठते, कुणीतरी किंचाळतं आणि टेबलावर हातोडा आपटतो. काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. न्यायाधीश बाईंनी टंकलेखकाला तेच वाक्य सावकाश सांगितलं, आणि त्याने ते टाइप केलं.

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवून उलटतपासणीची परवानगी मागितली.

"मग पोलीस 'चला' म्हणाले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"आलोच म्हणालो."

"आणि आलात?"

"नाही."

"तीन वर्षांपूर्वीचं तुम्हाला इतकं पक्कं आठवतं? काय करत होता टपरीवर?"

"सिनेमा पाहत होतो. फोनवर."

"कसला सिनेमा?"

सांगणं भाग होतं. "कोर्टाचा."

न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"पूर्ण पाहिला का?"

"नाही, मॅडम. सहीला बोलावलं."

त्यांनी मान खाली घातली. हे उत्तर नोंदवलं गेलं नाही. आरोपीच्या वकिलांना सर्दी झाली होती. ते रुमालाआडून "काही विचारायचं नाही" म्हणाले. माझी साक्ष दोन पानांची झाली. सही करण्याआधी मी ती शब्दन् शब्द वाचली, तेव्हा पट्टेवाला घड्याळाकडे बघत होता.

पुढचे तीन महिने खात्याचं पत्र येईल म्हणून मी घाबरत होतो. प्रत्येक लखोटा आधी प्रकाशाकडे धरायचो. पत्र आलं नाही, अजूनही आलेलं नाही. भीतीची मात्र सवय झाली. तिच्याशिवाय रविवार रिकामा वाटला असता. त्या काळात आम्ही तो अर्धवट सिनेमा पुन्हा लावला आणि शेवटची चार मिनिटं मी डोळे न हलवता पाहिली. वकिलाने खिशातलं बटण वर धरलं, गर्दीतला एक कोटवाला उठला आणि ओरडला, हो, मीच! बायको म्हणाली, "बघा."

निकाल मला त्या सर्दीवाल्या वकिलांकडून कळला. ते मला कॉलेज रोडला रसवंतीवर भेटले. तेव्हा त्यांची सर्दी बरी झाली होती.

"सुटला तुमचा माणूस," ते म्हणाले. "जप्तीच सिद्ध झाली नाही."

माझा ऊर नकळत भरून आला. इतकी वर्षं जो मोठेपणा मी पडद्यावर पाहत आलो, तो आता मलाच लाभला होता. एका माणसाच्या एका वाक्याने दुसरा माणूस घरी गेला होता. मी नम्रपणे म्हणालो, "मी फक्त खरं ते सांगितलं."

"हो, चांगलंच झालं," ते रसाचा ग्लास उचलत म्हणाले. "पण केस तुमच्या साक्षीच्या आधीच्याच तारखेला गेल्यात जमा होती. म्हणून तर सरकारी वकील तुमच्यावर इतके टेकले होते. पंच क्रमांक एकनेही शपथेवर सांगितलं की तो गल्लीत गेलाच नाही."

"मी त्यांना उठून जाताना पाहिलं होतं!"

"उठला होता. मळ्यात मेथी घ्यायला."