बहात्तर तास राखलेल्या दोन जागा

दादा आखातातल्या एका बंदरात क्रेन दुरुस्तीचं काम करायचा. त्याआधी काही वर्षं तो जयगडला होता. कंपनी त्याला या बंदरातून त्या बंदरात पाठवायची. तिकिटं कंपनीची असली तरी प्रवासाचे मैल त्याच्या नावावर जमा व्हायचे. अकरा वर्षांत त्याने विमान कंपनीच्या सभासद योजनेत शहाण्णव हजार मैल साठवले होते. त्यातला एकही वापरला नव्हता. ते आईसाठी आहेत, असं तो दर सुट्टीत सांगायचा.

गाव रत्नागिरीपासून बसने तासाभरावर आहे. आई तिथे राहायची. मी शहरात एका वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो आणि आठवड्याच्या सुट्टीला गावी जायचो. आई मुंबईच्या पुढे कधी गेलेली नव्हती.

जूनमध्ये दादाच्या फुफ्फुसात गाठ निघाली. जुलैअखेर फुफ्फुसाभोवती पाणी साठू लागलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला विमान प्रवासाला मनाई केली. तो इकडे येऊ शकत नव्हता, म्हणून आईने तिकडे जायचं ठरलं. तिच्याबरोबर मी जाणार होतो. आमचे पासपोर्ट तयार होते. वहिनी तिथेच नोकरीला होती, तिने व्हिसाचे कागद केले. परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय व्हिसावर आत सोडत नाहीत, हेही तिनेच सांगितलं.

दादाने फोनवर विषय काढला तो थट्टेच्या सुरात.

"आई, खिडकीची जागा देतोय तुला. फक्त खिडकी उघडू नको."

"मेल्या, मला काय येडी समजलास? तू जेवतोस काय ते सांग आधी."

"जेवतो गो."

"काय जेवलास?"

तो म्हणाला, "भात." आईने फोन माझ्याकडे दिला.

तिकिटं पैसे देऊन काढू का, असं मी विचारलं. माझ्या खात्यात तेवढे पैसे होते. दादा म्हणाला, "नको. मैल पडून आहेत ना? दुसऱ्या कशाला वापरणार मी ते आता?" त्याच्या बोलण्यातला 'आता' मी ऐकला. तरीही तो नको म्हणाला हे मला बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवायला हवं.

त्याने मला खात्याचा पासवर्ड दिला. मैलांचा भाव कसा ठरतो ते मी त्या आठवड्यात समजून घेतलं. पूर्वी विमान कंपनीचा छापील तक्ता होता: इतक्या अंतराला इतके मैल, वर्षभर तेवढेच. वर्षापूर्वी तो तक्ता काढून टाकला गेला होता. सभासदांना गेलेल्या मेलमध्ये वाक्य होतं, 'आपल्याला अधिक लवचिकता मिळावी म्हणून दररचनेत बदल करण्यात येत आहे.' अशा वाक्यात मी कर्ता शोधतो. या वाक्यात तो नव्हता. नव्या पद्धतीत प्रत्येक विमानातल्या थोड्या जागा कमी मैलांना ठेवलेल्या असत. त्या संपल्या की पुढचा भाव रोख भाड्याच्या मागे चालायचा. भाडं वाढलं की मैल वाढायचे. अशा जागा किती आहेत, कुठे दिसत नव्हतं. दिसायचा फक्त त्या क्षणाचा आकडा. दादाच्या हॉस्पिटलजवळच्या एका हॉटेलच्या सभासद योजनेचे गुणही त्याच्याकडे होते. तिथेही हीच पद्धत होती. खोली तीच राहायची, पण एका रात्रीचे गुण दर आठवड्याला वेगळे असायचे.

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या एका मंगळवारी आकडा बावीस हजार होता. तो एका माणसाचा, एका बाजूचा भाव. दोघांचं जाणं-येणं अठ्ठ्याऐंशी हजारांत बसत होतं. दादाने विमान कंपनीला फोन करून आमची नावं दिली. कंपनीने दोन जागा बहात्तर तास राखून ठेवल्या. मुदत शुक्रवारी दुपारी बाराला संपणार होती.

मी त्याच दिवशी गावी गेलो आणि आईला बॅग भरायला सांगितलं.

"भरते," ती म्हणाली. "पण कौल घेतल्याशिवाय मी शीव ओलांडायची नाय."

आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घर बांधताना, लग्न ठरवताना, विहिरीची जागा धरताना आमच्या घराने असंच विचारलं आहे. दादा पहिल्यांदा आखातात गेला तोही विचारूनच. मी त्यावर वाद घातला नाही. कौल सोमवारी आणि गुरुवारी होत असे. गुरुवारी सकाळी विचारलं तरी मुदत संपायला एक दिवसाहून जास्त वेळ उरत होता.

गुरवाला जाऊन सांगितलं. तो अंगणात नारळ सोलत होता.

"तिकीट देवाच्या हो-ना वर काय?" त्याने विचारलं.

"तिकीट राखून ठेवलंय. शुक्रवारी बारापर्यंत."

"पैशांचं?"

"मैलांचं."

"म्हंजे जेवढा फिरला तेवढं फुकट?" तो हसला. "मग आमच्या एसटीच्या कंडक्टरने चंद्रावर जायला हवं." मग हसू आवरून म्हणाला, "गुरुवारी सातला ये. आईला उपाशी आण."

बुधवारी संध्याकाळी आमच्या भावकीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. नव्वदीच्या घरातले होते आणि चार महिने अंथरुणावर होते. आम्हाला बाराव्यापर्यंत सुतक लागलं. सुतकात देवळाची पायरी चढत नाहीत आणि कौल घेत नाहीत.

मी आईला म्हटलं, "विचारायचं राहू दे या वेळी. तिकीट करून टाकतो."

"आणि वाटेत काय झालं तर? तुझं नाय म्हणत मी. त्याचं. न विचारता गेली म्हणून त्याचं काय झालं तर?"

शुक्रवारी अकरा वाजता दादाचा संदेश आला, 'करू का पक्कं?' मी लिहिलं, 'थांब. बाराव्यानंतर करू.' त्याने अंगठा पाठवला. तिकीट पक्कं करून नंतर थोडं शुल्क भरून तारीख बदलता येते, हा नियम आकडा दिसायचा त्याच पानावर खाली होता. तो मी तीन आठवड्यांनी वाचला.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला आकडा एकेचाळीस हजार झाला. हिशेब करायची गरजच नव्हती, दोघांचं जाणं-येणं आता शिलकीत बसत नव्हतं. मी सभासदांच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी मराठीच होती.

"काल बावीस होते," मी म्हटलं.

"हो सर, ती जागा सुटली की सिस्टिम नव्याने भाव लावते."

"कशावरून?"

"मागणीवरून, सर. गावी आलेल्या फॅमिलीज आता शाळांसाठी परत चालल्यात ना."

"परत बावीस होईल?"

"होऊही शकतं."

"कधी?"

"सर, मलाही तुमच्याइतकंच दिसतं. फक्त आकडा."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. ती खरं सांगत होती असं मला तेव्हाही वाटलं.

एकेचाळीसच्या भावाने एका माणसाचं जाणं-येणं ब्याऐंशी हजारांत होत होतं. म्हणजे आई एकटी जाऊ शकत होती. विमानतळावर चाकाची खुर्ची मागता येते, पलीकडे वहिनी घ्यायला आली असती. हा पर्याय मी आईला सांगितला नाही. सुतक फिटेपर्यंत ती निघणार नाही हे धरून चाललो, आणि तोवर भाव उतरेल असंही धरून चाललो. रोज सकाळी सहाला उठून मी आकडा बघायचो. गावात रेंज नसली की छत्री घेऊन शाळेच्या चढावर जायचो. आठ दिवस तो एकेचाळीसवर राहिला. मधे एकदा चव्वेचाळीस झाला आणि दुपारी परत एकेचाळीस. तो खाली येऊ लागलाय असं मी दादाला कळवलं. दादाने लिहिलं, 'तू बातमीदार का नाही झालास? सगळ्या बातम्या चांगल्याच देतोस.'

त्या दिवसांत त्याचा आवाज उतरत गेला. आधी तो पूर्ण वाक्यं बोलायचा, मग अर्धी. नंतर वहिनी फोन त्याच्या कानाशी धरायची आणि आई एकटीच बोलायची. पाऊस किती झाला, भात कुठवर वर आलं, कोणाची म्हैस व्याली. शेवटी ती म्हणायची, "येतेय मी. देवाला विचारायचंच बाकी हाय."

बाराव्याच्या आदल्या शनिवारी आकडा अठ्ठावन्न हजार झाला. आता शिलकीत एका माणसाचं जाणं-येणंही बसत नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला आम्ही देवळात गेलो. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. लेकरू परमुलखात आजारी हाय, माय भेटाया निघालीय, राखण करणार असशील तर उजवी दे. मी घड्याळ पाहिलं होतं. सहा मिनिटांत उजवी पाकळी पडली. आईने पदर डोळ्यांना लावला. देवळाबाहेर येऊन मी फोनवरून रोखीने दोन तिकिटं काढली. लवकरात लवकर मिळाली ती शुक्रवारची. पैसे भरायला चार मिनिटं लागली. हेच तेरा दिवसांपूर्वीही चार मिनिटांत झालं असतं.

दादा गुरुवारी सकाळी गेला. वहिनीचा फोन नऊच्या सुमाराला आला. आई तेव्हा त्याच्यासाठी कोकमाच्या पिशवीला दुसरी पिशवी घालत होती, सांडू नये म्हणून. मी तिला तिथेच सांगितलं.

वहिनीने आम्हाला येऊ नका म्हटलं. कागद होतील तसा ती त्याला घेऊनच निघणार होती. कागदांना पाच दिवस लागले. त्या दिवसांत तिने विमान कंपनीला विचारलं की शवपेटीबरोबरच्या तिच्या स्वतःच्या तिकिटासाठी नवऱ्याचे मैल वापरता येतील का. लेखी मागून घेतलेलं उत्तर तिने मला पाठवलं. मैल ही सभासदाची मालमत्ता नाही, ते वारसाकडे जात नाहीत, आणि सभासदाच्या मृत्यूची सूचना मिळाल्यामुळे खातं बंद करण्यात आलं आहे. सूचना तिनेच दिली होती, विचारताना. पेटीचं भाडं वजनावर लागलं. किलोला इतके, असा छापील दर होता आणि तो त्या पाच दिवसांत बदलला नाही.

मंगळवारी दुपारी मुंबईहून ॲम्ब्युलन्स आली. रस्ता घरापर्यंत येत नाही, म्हणून भावकीतल्या सहा जणांनी पेटी पाणंदीतून वर आणली. चिऱ्यांच्या पायऱ्या ओल्या होत्या. ते दोनदा थांबले. पेटी अंगणात मांडवाखाली ठेवली आणि सुताराने स्क्रू काढले. आम्हाला सांगितलं होतं की उघडल्यावर फार वेळ ठेवू नका.

वहिनी आईला धरून पुढे घेऊन आली. आईने आधी चेहरा पाहिला, मग चादर कमरेपर्यंत खाली ओढली आणि त्याचा दंड हातात धरला. तिची बोटं दंडाभोवती पूर्ण फिरून एकमेकांना टेकली. ती वहिनीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"एवढा झाला होता," ती म्हणाली. "आणि तू मला थांब म्हणत होतास?"

थांब मी दादाला म्हटलं होतं, तिला नाही. गुरव पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा होता, त्याने नजर खाली केली. कोणीतरी म्हणालं, काकी, हात सोडा आता, वेळ होतोय. तिने सोडला नाही. भावकीतल्या दोघींनी मिळून तिची बोटं एकेक करून सोडवली.