कालचा आकडा

हर्ण्याच्या गुरुप्रसादला कुणी विचारलं, आखातात करतोस काय, तर म्हणायचा, “पाईप मापतो.” लोक हसायचे. पण काम सोपं नव्हतं हो! तिथल्या वायूच्या विहिरी दोन किलोमीटर खोल, मिठाच्या थरातून जातात. दगड गप बसतो, मीठ बसत नाही. वरच्या ओझ्याखाली ते हळूहळू सरकतं आणि विहिरीचं पोलादी केसिंग, म्हणजे विहिरीत बसवलेला पाईप, आवळत जातं. म्हणून दर सहा महिन्यांनी मोजणीचं यंत्र आत सोडायचं, पाईप गोल आहे की चेपलाय ते बघायचं. एकोणीस वर्षं हा नाकासमोर चालणारा माणूस तेच करत होता.

आणि एकदाच त्यानं अक्कल गहाण टाकली. तळाशी यंत्राचे मापणारे हात उघडेनात. वर काढून पुन्हा सोडायचं तर अख्खा दिवस मोडणार. यानं गेल्या वेळचाच आकडा लिहून टाकला. चार महिन्यांत पाईप चेपून फुटला, दोन माणसं भाजली. आकड्यात पाईप गोलच दिसत होता, म्हणजे यंत्र तळापर्यंत सोडलंच नाही, वरचंच माप आलं, असं कंपनीनं ठरवलं. यंत्र सोडणारा होता रूपेश, हर्ण्याचाच, यानंच नोकरीला लावलेला. त्याचा पासपोर्ट काढून घेतला.

गुरुप्रसाद तेव्हा रजेवर घरी. जेवायचा, झोपायचा, बंदरावर जाऊन बसायचा. रडू नाही, भीती नाही, नुसता बधिर. शनिवारी चारला चौकशीवाल्यांचा फोन येणार होता. आपण गप्प राहिलो तर रूपेश अडकणार, हे ठाऊक असूनही त्याला काही वाटत नव्हतं.

शनिवारी तीनला तो रूपेशच्या आईकडे गेला. गंगुबाई खारवलेले बांगडे एकेक करून अंगठ्यानं दाबून बघत होती. त्याच्यासाठी एक पुडी आधीच बांधून ठेवलेली.

“भाऊ, चारच्या फोनवर तुमी सांगितलात की सुटेल माझा पोर.”

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, “कालच बघितलेस ना हे सगळे? आज परत कशाला?”

“कालचं काल! मिठात हायत ते. मीठ काय थांबतंय होय?”

गुरुप्रसाद तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “गंगुबाय, रूपेशनं यंत्र बरोबर सोडलं होतं. मीच मापलं नाही. जुना आकडा लिहिला.”

गंगुबाईचा हात थांबला. तिनं पुडी सोडली आणि त्यातले बांगडे एकेक करून परत टोपलीत टाकले.

“चारची वाट कशाला बघताव?” ती म्हणाली. “आत्ता लावा फोन. माझ्यासमोर.”

त्यानं खिशातून फोन काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला भीती वाटली, आणि त्यानं नंबर लावला.