फळीवरची दोन स्टेशनं

त्र्यंबकराव खांबेटे कल्याणला असिस्टंट स्टेशनमास्तर होते. निवृत्त होऊन रेल्वेचं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांना घोर लागला तो एका टेबलाचा. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. सत्तेचाळीस साली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी खेळण्यातलं किल्लीचं इंजिन, तीन डबे आणि पत्र्याचे रूळ घेतले होते. पुढच्या सहा वर्षांत त्या टेबलावर पूल आला, शेड आली, काडेपेट्यांची केबिन आली. ड्यूटीवरून आल्यावर किल्ली दिली की गाडी गोल गोल फिरत राही आणि त्र्यंबकराव तिच्यात हरवून जात. "अहो, पानं वाढलीत," अशी तिसरी हाक आल्यावर कुठे ते उठत.

घरात मूलबाळ नव्हतं. उत्तराबाई टेबलाच्या वाटेला जात नसत. तो यांचा वेगळा संसार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

डोंबिवलीला भाड्याने मिळालेली खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. शेगडीही तिच्यातच. दोघं टेप घेऊन ती मोजायला गेले.

"टेबल आणलं तर आपल्याला उभ्यानं झोपावं लागेल," उत्तराबाई म्हणाल्या.

"शाळेला देऊन टाकतो," त्र्यंबकराव म्हणाले आणि उगाच खिडकीची कडी लावून पाहू लागले.

उत्तराबाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातला टेप घेऊन लांबची भिंत मोजली. "ही भिंत मोकळी आहे. खिडकीपासून थेट शेगडीपर्यंत. वीतभर रुंदीची फळी मारली तर?"

"अगं, फळीवर गाडी वळणार कशी? टोकाला जाईल आणि पडेल."

"मग थांबवायची. तोंड फिरवून, किल्ली देऊन परत धाडायची."

"थांबवणार कोण? मी इथून सोडायची आणि मीच तिकडे धावायचं?"

"मी असते की शेगडीपाशी."

त्र्यंबकरावांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

मारुती सुताराने फळीसाठी टेबलाला करवत लावली, तेव्हा ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. पूल आणि शेड गेली. सरळ रूळ थोडेच होते, बाकी सगळे गोलाईचे. ते उंबरठ्यावर ठेवून हातोडीने सरळ करण्यात पंधरा दिवस गेले. पत्र्याने बोटं कापत. उत्तराबाई हळद दाबून धरत आणि म्हणत, "आज पुरे."

पहिल्या दिवशी त्र्यंबकरावांनी खिडकीपाशी किल्ली दिली आणि गाडी सोडली. उत्तराबाई कणीक मळत होत्या. हात पुसून उठेपर्यंत इंजिन टोकावरून थेट परातीत पडलं.

त्र्यंबकराव धावत आले. उत्तराबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मोडलं का हो? माझ्या हातून..."

त्यांनी इंजिन उचललं, चाकातली कणीक नखाने काढली, किल्ली दिली. चाकं फिरली.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली, पण पुढच्या स्टेशनकडून लाईन क्लिअर न घेता गाडी कधी सोडली नव्हती. आज सोडली."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला लाईन क्लिअर शिकवली. चमच्याने वाटी दोनदा वाजवायची. पलीकडून दोनदा वाजलं तरच गाडी सोडायची. वाजलं नाही तर थांबायचं, कितीही वेळ लागो. उत्तराबाईंना ते असं अंगवळणी पडलं की विचारू नका. फोडणी टाकली असेल तर त्या वाटीला हातही लावत नसत, आणि त्र्यंबकराव इंजिन धरून मुकाट बसून राहत. डब्यांतून वेलदोडे येऊ लागले, सुपारी येऊ लागली, कधी चष्मा.

एकदा दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा उत्तराबाई फळीच्या त्या टोकाला इंजिनावर हात ठेवून उभ्या होत्या. मागच्या डब्यात दोन कांदाभजी, पार निवलेली.

"अगं, हाक मारायची नाही का?"

"दोनदा वाटी वाजवली. तुमचं उत्तर आलं नाही."

त्र्यंबकरावांनी घाईघाईने चमचा शोधला आणि वाटी वाजवली. टण्, टण्.