पापडाच्या डब्यातला कॅमेरा

चहा घ्या आधी, कारण विषय चहाचाच आहे. आणि हसू आलं तर दाबू नका. आमच्या घरी गेले सहा महिने कुणीच दाबत नाही. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण यादी करून, एकेक मुद्दा तपासून केलेला गाढवपणा हा एकच.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे माझी सही झाल्याशिवाय माल गेटाबाहेर जात नाही. वीस वर्षं हेच केल्यामुळे सवयच अशी लागलीय, की बायकोने भाजीत मीठ घातलं तरी मी विचारतो, "बघून घातलंस ना?" ती काय उत्तर देते ते सोडा.

आता अशा माणसाला कॅमेरा कशाला हवा? तर सावित्रीतल्या मगरींसाठी. थंडीत सकाळी मी नदीकाठाने फिरायला जातो तेव्हा समोरच्या काठावर त्या ऊन खात पडलेल्या असतात. मी मोबाइलवर फोटो काढायचो आणि कंपनीत दाखवायचो. बघणारा फोटो मोठा करायचा, उलटा करायचा, आणि म्हणायचा, "ओंडका छान आलाय." सलग तीन हिवाळे मी ओंडके दाखवले. शेवटी ठरवलं, डीएसएलआर घ्यायचाच.

पहिला प्रयत्न इंटरनेटवर केला. एक गृहस्थ बदली झाली म्हणून जवळजवळ नवा कॅमेरा निम्म्या किमतीत देत होते. फक्त कुरिअरचा खर्च आधी पाठवा म्हणाले. पाठवला. ते कुरिअर अजून वाटेत आहे. बायको पुढे महिनाभर रोज संध्याकाळी दार उघडून विचारायची, "अहो, आज तरी आला का हो?"

म्हणून या वेळी फसायचं नाही असं ठरवलं आणि नंदूला गाठलं. नंदू माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा महाडमध्ये फोटो स्टुडिओ आहे, आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत नवरा-नवरीच्या मध्ये जो दिसतो तो हाच. तो म्हणाला, "पयला कॅमेरा जुनाच घे. हात बसला की नवा घे. पोलादपूरला एक रिटायर सर हायत, त्यांना विकायचा हाय. माणूस चांगला हाय असं ऐकलंय."

"ऐकलंय म्हणजे?"

"म्हणजे मी कुठं भेटलोय?"

झालं. मी रात्र-दिवस एक करून यादी बनवली. मूळ बिल आहे का. बिलावरचा नंबर आणि कॅमेऱ्याखालचा नंबर एकच आहे का. आतापर्यंत किती फोटो काढलेत. लेन्समधून बॅटरीचा उजेड टाकला तर आत बुरशी दिसते का. आपल्याकडच्या पावसाळ्यात चपलेला येते तशी ती लेन्सलाही येते. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात धुळीचे ठिपके दिसतात का. यादी पाहून नंदू म्हणाला, "ह्ये सगळं ठीक हाय. पण सगळ्यात मोठी गोष्ट राह्यली. तुझं तोंड."

"तोंडाचं काय?"

"चांगला माल बघितलास की तुझं तोंड फुलतं. मग सर भाव कशाला कमी करतील? आपण खूण ठरवू. मी कॅमेरा बघणार. चांगला असला तर म्हणणार, 'चहा चालंल.' खोट असली तर म्हणणार, 'चहा नको.' नको म्हटलं की तू उठायचं."

मला ही युक्ती फारच आवडली. दोघेही कोकणात जन्मलो, वाढलो. तरी पाहुणा घरात आल्यावर चहाचं किती वेळा विचारतात हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

रविवारी दुपारी नंदूच्या मोटरसायकलवरून पोलादपूर गाठलं. सरांचं घर बाजारापासून जरा आत, पुढे फाटक, मागे परसात जास्वंदीची झाडं. सर उंच, शिडशिडीत, मानेला पट्टा. त्या पट्ट्यामुळेच तर विकत होते. वजन गळ्यात अडकवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी आम्हाला बसवलं, आणि आतून बाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. बाई म्हणजे सरांच्या पत्नी, त्याही शिक्षिकाच होत्या.

"लांबून आलात उन्हाचे. चहा टाकू ना?" बाईंनी विचारलं.

"नको नको, चहा नको," नंदू म्हणाला.

मी चपापलो. कॅमेरा अजून बाहेरही आला नव्हता. पण नंदूकडे मी आदराने बघितलं. म्हटलं, याला म्हणतात अनुभव. घरात पाऊल टाकलं आणि ओळखलं.

तेवढ्यात सर कॅमेरा घेऊन आले. तो पापडाच्या स्टीलच्या डब्यात होता. "घट्ट झाकणाचा घरात हा एकच डबा," सर म्हणाले. "दमट हवा लागत नाही. सात वर्षं ह्यातच ठेवलाय." बाई दारातून म्हणाल्या, "आणि सात वर्षं मी पापड पिशवीत ठेवतेय."

नंदूने कॅमेरा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, लेन्स काढली, उजेडाला धरली. मग नाकाला लावून हुंगला. हिंगाचा वास येत होता म्हणून हुंगला, हे त्याने नंतर सांगितलं. मला वाटलं, बुरशीचा वास घेतोय.

बाई पुन्हा म्हणाल्या, "भाऊ, थोडा तरी घ्या. अर्धा कप."

नंदू लेन्समध्ये डोळा घालून बसला होता. त्याने नुसता हात हलवला. "नको हो बाई. कशाला तरास."

दुसऱ्यांदा नको. आता शंकाच उरली नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, माफ करा. कॅमेऱ्यात दोष आहे. आम्ही निघतो."

सरांनी चष्मा वर केला. "काय दोष आहे?"

आता काय सांगणार? मी नंदूकडे बघितलं. नंदू माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं. मी म्हणालो, "आत… आतल्या बाजूला आहे."

"आतल्या कुठल्या बाजूला?"

"खोल आहे जरा."

तेव्हा नंदूच्या डोक्यात उजेड पडला. तो घाईघाईने म्हणाला, "बाई, चहा चालंल. चालंल चहा. दोघांनापण चालंल."

मी बसलो. बाई आत गेल्या. सर आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. मिनिटभराने आतून आवाज आला, "अहो भाऊ, दूध नासलं. कोरा चालेल का?"

नंदूने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कोऱ्याचं काही ठरलंच नव्हतं. कोरा म्हणजे कॅमेरा चांगला पण लेन्स खराब? की लेन्स चांगली पण कॅमेरा खराब? मी डोळ्यांनी विचारायचा प्रयत्न केला. नंदूला घाम फुटला होता. "कोरापण चालंल," तो म्हणाला, आणि मी पुन्हा उठू नये म्हणून माझा शर्ट मागून धरून ठेवला.

चहा आला. नंदूने तो घटाघटा प्यायला आणि माझ्यावर डोळे रोखून म्हणाला, "अजून हाय का?" दुसरा आला, तोही प्यायला. "फार चांगला हाय," तो म्हणाला. "एकदम चांगला हाय. असा चहा नाय मिळायचा." तिसरा कप त्याने स्वतः आत जाऊन ओतून आणला. बाई चकित झाल्या, कारण घाईत त्या साखर घालायला विसरल्या होत्या.

सरांनी आपला कप खाली ठेवला. शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं दहावीच्या परीक्षेला मी पर्यवेक्षक होतो. कान खाजवला की 'अ', नाक खाजवलं की 'ब', पेन पाडलं की 'क'. सगळं बघितलंय. पण चहावर चालणारी कॉपी आज पहिल्यांदा बघितली."

मी लाजेने मान खाली घातली. मग सगळं खरं सांगून टाकलं: वाटेत असलेलं कुरिअर, मगरी, ओंडके, यादी, सगळं. मगरी ऐकून सरांचा चेहरा बदलला. म्हणाले, "यादी काढा बाहेर. एकेक मुद्दा माझ्यासमोर तपासा. लाजायचं काय त्यात? माझ्या विद्यार्थ्यांनी अशी तयारी केली असती तर मला कॉपी पकडावीच लागली नसती."

मग आम्ही खरंच तपासलं. बिल, नंबर, भिंतीचा फोटो, बॅटरीचा उजेड. कॅमेरा आरशासारखा लख्ख. भाव सरांनी कमी केला नाही, पण म्हणाले, "कुठल्याही रविवारी या, कसा वापरायचा ते शिकवीन. त्याची फी नाही." मी फोनवरून पैसे पाठवले, बाईंच्या फोनवर आल्याचं बघून घ्यायला लावलं आणि मगच श्वास सोडला. इतका आनंद झाला होता की बिलाची घडी मी तीनदा घातली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता नीट ऐका.

मी मान खाली घालून बिल पाकिटात ठेवत असताना सर "एकच मिनिट" असं काहीतरी पुटपुटत परसात गेले. मला त्यांची पाठ तेवढी दिसली, आणि बाजूने डोळ्याला रुमाल लावल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, माणूस हळवा आहे. सात वर्षांचा सोबती चाललाय, ताटातूट बघवेना. अशा वेळी रेंगाळून त्यांना अवघडल्यासारखं करू नये. नंदू तेव्हा मोरीत होता. तीन कप चहा झाला होता त्याचा. सरांनी कॅमेऱ्याबरोबर द्यायला काढलेली बॅग कॉटवर होती, चेन लावलेली. मी पट्टा धरून उचलली. वजन बरोबर होतं.

बाई म्हणाल्या, "त्यात लोणच्याची—" मी म्हणालो, "बाई, काही देऊ नका, आधीच खूप झालं." आणि त्यांच्या पाया पडून बाहेर आलो.

नंदू मोरीतून आला, मोटरसायकल सुरू झाली, मी बॅग पोटाशी घट्ट धरून मागे बसलो. वळणाशी मागे बघितलं तर सर फाटकापर्यंत धावत आलेले, हात हलवत होते. माझं मन भरून आलं. मीही वळून, हसून, जमेल तेवढा जोरात हात हलवला. नंदूला म्हणालो, "बघ, अशी माणसं राहिली नाहीत आता."

महाडला घरी बायको दारातच निरांजन घेऊन उभी होती. शेजारचे चौघे जमले होते. तिने बॅगेला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि म्हणाली, "काढा बाहेर, आला एकदाचा."

मी चेन उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची काचेची बरणी बाहेर आली. बॅग मऊ अस्तराची, वाटेत बरणी फुटायची नाही, म्हणून बाईंनी तीच निवडली होती. कॅमेरा मी गळ्यात घालून नेईन असं त्यांना वाटलं होतं. बायकोने शांतपणे बरणीलाही कुंकू लावलं.

फोन बघितला तर सरांचे अकरा कॉल. लावला. सर म्हणाले, "अहो, जास्वंदीवर शिंजीर आला होता, मध पिणारा तो इवलासा पक्षी. जाता जाता शेवटचा एक काढावा म्हणून कॅमेरा घेऊन मागे गेलो. परत येतो तर तुम्ही रस्त्याला. ओरडलो, धावलो, हात केले. तुम्हीही छान हात केलात."

"आणि सर, तुमचे डोळे…"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय महिन्यापूर्वी. पाणी येतं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटाच गेलो. सरांनी कॅमेरा दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला, पट्टा स्वतः माझ्या गळ्यात घातला, आणि म्हणाले, "जुने फोटो सगळे पुसलेत. कोरा करून दिलाय. एकच ठेवलाय, तो राहू दे."

मी बघितला. हाका ऐकू येत नाहीत म्हटल्यावर सरांनी काय केलं असेल? तीस वर्षांची सवय, पकडलं की पुरावा ठेवायचा. त्यांनी फाटकातूनच झूम करून बटण दाबलं होतं. माझ्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो माझाच आहे: मोटरसायकलवर मागे वळलेला, बॅग पोटाशी कवटाळलेली, एक हात वर, आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. फोकस असा अचूक, की माझे दातही मोजता यावेत.

नंदूने तो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय, नवरा-नवरींच्या मधोमध. येणारा-जाणारा विचारतो, "हे कुठले पुढारी?"

नंदू म्हणतो, "पुढारी नाय वो. क्वालिटीचे साहेब हायत. कॅमेरा नीट तपासून घरी नेतायत."